बनाबाईचे तेरा दिवस

१९९६ साली आमच्या गावात एक वावडी उठली, आणि ती उडवणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. बनाबाईनं दूध संस्थेच्या सेक्रेटरीवर, सयाजीवर, बलात्काराची फिर्याद दिली ती तेराव्या दिवशी. मधले सगळे दिवस बाई सकाळ-संध्याकाळ त्याच्याच दारात जात होती म्हणे. न्हाव्याच्या खुर्चीत बसून मीच म्हणालो, "एवढं झाल्यावर कोण जातंय तितं? राजीखुशीचं असणार की." लोक हसले. लोकांना हसवायची मला फार हौस.

गडमुडशिंगीच्या पलीकडं आमचं गाव. बनाबाई म्हणजे तिथल्या जोतीराम फौजीची बायको. अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं. तिची म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नसे, त्यावरून मी तिला छेडायचो, "काय गं बना, जोतीराम सुट्टीवर आला की म्हस रुसत्या का?" ती पदर तोंडाला लावून हसायची. त्या साली ते हसणं गेलं.

झालं ते एका संध्याकाळी, शेवटचं माप घेऊन झाल्यावर, संस्थेच्या मागच्या खोलीत. बाराव्या दिवशी तिच्या नणंदेचं, रूपालीचं, लग्न होतं. ते पार पडलं, मग तिनं सुट्टीवर आलेल्या जोतीरामला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं पोलीस ठाण्यात गेली.

खटला उभा राहायला तीन वर्षं लागली. माझी बांधाची केसही कोल्हापूरच्या त्याच कोर्टात, म्हणून तारखेला मी व्हरांड्यात असायचो. असल्या खटल्याची साक्ष बंद दाराआड. बना आत गेली, दोन तासांनी बाहेर आली आणि नळाखाली तोंड धूत राहिली. नळ बंद करायचं तिला सुचेना.

आतलं मला पुढं कळत गेलं. सयाजीच्या वकिलानं विचारलं, इतके दिवस गप्प का? ती म्हणाली, त्याच संध्याकाळी सासूला सांगितलं होतं. वकिलानं तिचा पोलिसांपुढचा जबाब काढला. त्यात होतं, 'कोणालाही सांगितले नाही.' मग खोटं कुठलं, तेव्हाचं की आताचं? तो जबाब लिहून घेताना शेजारी जोतीराम बसला होता. आईला माहीत होतं आणि तिनंच दाबलं, हे लेकाला कळू नये म्हणून बनानं तसं सांगितलं होतं. तिनं सासूची लाज राखली आणि तेच आता तिच्या गळ्याशी आलं. सासूनंही पोलिसांना, मला काही ठाऊक नाही, असंच सांगितलं होतं.

आता सगळं त्या सासूवर, धोंडुबाईवर. तिची साक्ष जेवणाच्या सुट्टीनंतर होती. बाकावर ती माझ्या शेजारी बसली. खरं बोलावं, तर असलं काही झाकून पोरगी दिली हे गारगोटीच्या व्याह्यांना कळणार. न बोलावं, तर सून खोटी ठरून सयाजी मिशीला पीळ देत गावात येणार. बना समोरच्या खांबाला टेकून उभी होती. सासूकडं ती बघतही नव्हती. सासूकडं काही मागावं आणि ते मिळावं, अशी आशाच तिला उरलेली नव्हती.

मला गप्प बसवेना. सवयीनं म्हणालो, "मामी, आज म्हस कोण पिळणार?"

म्हातारीनं बनाकडं बघितलं. मग म्हणाली, "माज्या हाताला देत न्हाय ती. आन् त्या सकाळी बनीलाबी दिलं न्हाय."

तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला.

आत वकिलानं संस्थेची दुधाची वही दाखवली. बघा, एक दिवस खाडा नाही. अत्याचार झालेली बाई त्याच माणसाकडं रोज दूध घालील का? धोंडुबाईला अक्षरओळख नाही. तिनं उलट विचारलं, "दुसऱ्या दिवशी सकाळी किती लिवलंय?" वकील टाळाटाळ करायला लागला, तेव्हा न्यायाधीशांनी वही स्वतःकडं घेतली. रोज चार लिटर, त्या सकाळी दीड. अक्षर सयाजीचं.

वकील म्हणाला, लग्नघर होतं, दूध घरात लागलं असेल.

"पावणं आठव्या दिशी आलं, सायब. तवर घरात आमी तिघी बायका. हिचं हात कापत हुतं, म्हशीनं पान्हा चोरला. रूपालीचं लगीन मोडंल म्हणून मीच हिला गप बसवली. कुणाला संशय येऊ ने म्हणून किटली हातात देऊन मीच धाडली."

निकालात लिहिलं होतं, की सासूनं आधी वेगळं सांगितलं हे खरं. पण आता ती जे बोलते त्यात तिचा लाभ काही नाही, नुकसानच आहे, आणि आरोपीच्याच नोंदीचा त्याला आधार आहे. उशिराचं कारण पटण्याजोगं आहे. सयाजीला सात वर्षं सक्तमजुरी झाली.

रूपालीच्या सासरच्यांनी तिचं माहेर तोडलं. जोतीराम आईशी बोलेनासा झाला. बनानं म्हैस विकली. मी न्हाव्याकडं जाऊन झालं ते सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि मी उठल्यावर जुनंच बोलायला लागले.

बनाबाई त्या दिवसांत सयाजीच्या दारात गेली ती दूध घालायला. सासूनं पाठवलं म्हणून गेली. राजीखुशीचं काही नव्हतं.