समुद्रावरचं रोजचं भांडण

कुमझारच्या ओबैदचा उभा जन्म हॉर्मुझच्या सामुद्रधुनीत सुरमई पकडण्यात गेला, पण गावात त्याचं नाव होतं ते नकलांमुळे. होडीतल्या रेडिओवर दोन आरमारांचं रोज वाजायचं. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या आरमाराचा पहारेकरी दरडावायचा, "हा आमचा समुद्र आहे, मागे फिरा." लांबून आलेलं बडं आरमार थंडपणे म्हणायचं, "समुद्र सगळ्यांचा आहे. आम्ही पुढे जातोय." ओबैद लग्नांत दोन्ही आवाज काढायचा आणि लोकांची हसून मुरकुंडी वळायची.

मग बडं आरमार निघून गेलं. का, ते कुणी सांगितलं नाही. पहारेकरी मात्र रोज दुपारी दरडावायचा, उत्तरापुरता थांबायचा आणि गप्प व्हायचा. समोर एकही जहाज नसायचं.

"दाजी, हा भांडतोय तरी कुणाशी?" मेहुणा मुसब्बह विचारायचा.

"खोड आहे. जाईल हळूहळू."

ती गेली नाही. एका दुपारी पाणी तेलासारखं निपचित पडलं होतं. आवाज आला, "मागे फिरा," आणि थांबला. ते थांबणं ओबैदला सोसेना. त्याने माइक उचलला.

"नको तिथे तोंड घालू नका," मुसब्बह पुटपुटला.

ओबैदने लग्नातला तो थंड आवाज लावला. "समुद्र सगळ्यांचा आहे. आम्ही पुढे जातोय."

रेडिओ खरखरला. मग पहारेकरी अगदी हळू बोलला, "इतके दिवस कुठे होतात? उद्या येणार ना?"

आपण साधे कोळी आहोत, हे सांगायला ओबैदने तोंड उघडलं. बाहेर पडला तो त्या आरमाराचाच आवाज.

"येऊ."