राशीप्रमाणे अंक, घरपोच

गडमुडशिंगीची क्रांती आणि ग्रंथपाल गणपतराव यांची पहिली भेट झाली, त्या दिवशी वाचनालयाच्या छपरावरची झाडून सगळी कबुतरं उडाली ती थेट रंकाळ्यावर जाऊन बसली, आणि त्यांतली निम्मी परत आलीच नाहीत. अठ्ठ्याण्णव सालची घटस्थापना होती. वाचनालयात 'शांतता राखा' असे सात बोर्ड होते आणि शांतता इतकी राखली गेली होती की तिला बुरशी धरली होती. पेपरच्या टेबलावर तीन पेन्शनर अग्रलेखावर डोकं ठेवून झोपले होते. गणपतराव रजिस्टरात रेघ मारत होते. ही रेघ त्यांनी बहुधा एकाहत्तर साली सुरू केली होती आणि ती अजून पानाच्या कडेला पोचायची होती.

अशा त्या समाधीत क्रांतीनं दारातून विचारलं, "कोण हाय का हितं?"

बस्स, एवढंच. पहिला पेन्शनर कोयनेचा भूकंप परत आला म्हणून टेबलाखाली गेला. दुसरा राष्ट्रगीत लागल्यासारखा ताठ उभा राहिला. तिसरा पंधरा वर्षं ठार बहिरा होता, तो म्हणाला, "हळू बोला."

क्रांतीला यात वावगं काही दिसलं नाही. ती आपल्या समजुतीनं कुजबुजली होती. चार भावंडांतली धाकटी, शेत विमानतळाच्या अंगाला. पलीकडच्या बांधावरच्या माणसाला न्याहारीला बोलवायचं तर गळ्याची एवढी सवय ठेवावीच लागते.

"काय पाहिजे?" रेघ वाकडी झालेली पाहत गणपतराव म्हणाले.

"काम. दिवाळी अंक घरपोच वाटायला माणूस पायजे म्हणून तुमची जाहिरात हाय की पेपरात. मी आलोय."

"माणूस म्हणजे... आम्हाला वाटलं की..."

"लुना हाय माझ्याकडं. बी. ए. झालंय."

"वाचनाची आवड आहे का?"

"तुमचं ह्ये रजिस्टर आत्ता हितनं उलटं वाचलं की. बत्तीस नंबरला पण मगदूम आणि सदतीसला पण मगदूम. एकाच माणसाला दोन वेळा लिवलाय तुम्ही."

गणपतरावांनी पाहिलं. मगदूम दोनदा होते. सत्तावीस वर्षांच्या सेवेत असा अपमान झाला नव्हता. त्यांनी तिला तिथंच कामावर घेतलं.

वाचनालयाची योजना साधी होती. दिवाळीला बत्तीस अंकांच्या प्रत्येकी चार प्रती विकत आणायच्या, सभासदाच्या घरी एक अंक चार दिवस ठेवायचा, मग तो पुढच्या घरी. एके काळी दोनशे सभासद होते. मग घरोघरी केबल आली आणि लोक दिवाळी अंक विसरले. मगदूम एकच धरून एकेचाळीस उरले. कमिटीनं ठराव केला होता की कार्तिक अमावास्येपर्यंत यातला एकही गळाला नाही तर क्रांतीची जागा कायम. एक जरी गळाला तर योजना बंद आणि क्रांती घरी.

घरी म्हणजे नवऱ्याच्या घरी. तिचे वडील सयाजीराव हे हाडाचे मोर्चेकरी. 'क्रांती झालीच पाहिजे' असं ओरडत कलेक्टर कचेरीवर गेलेला हा माणूस संध्याकाळी घरी परतला, तर ती झालेली होती. नाव ठेवायला वेळ लागला नाही. पण क्रांतीनं मोर्च्यात असावं आणि घरात असेल तर चहाचा कप घेऊन असावं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. त्यांनी मुलीला सांगून टाकलं, "तुळशीचं लगीन झालं की तुझ्या लग्नाला लागायचं. नोकरी कायम झाली तर दोन वर्सं काय बोलत न्हाई. न्हाई झाली, तर पयला पावणा यील त्येच्याफुडं पोहं घिऊन उभा ऱ्हायचं."

म्हणजे एकेचाळीस माणसं वाचत राहिली, तर क्रांतीला वाचत राहता येणार होतं. आणि वाचण्याचं तिला भलतं वेड. भेळ संपली की पुडीचा कागद उलगडून वाचायची, आणि मजकूर अर्धा निघाला तर गाड्यावर परत जाऊन उरलेला कागद मागायची.

नवरात्र आणि दसरा तिनं एकेचाळीस घरांचे जिने चढण्यात घालवले. दिवाळीला बत्तीस अंक पोत्यात घालून घरी आणले. वाटण्याआधी माल तपासायला नको का? करंज्या तळता तळता तिनं तो तपासला. एका हातात झारा, एका हातात अंक, आणि पाटावर आजी विठाबाई.

"त्या मास्तरणीचं काय झालं गं फुडं?"

"विहिरीकडं चाललीया, आजी."

"अगं बाई, आडीव तिला! आणि ती करंजी काढ, जळली बघ."

"थांब गं, आधी मास्तरीण."

त्या वर्षी सयाजीरावांच्या घरातल्या करंज्या तपकिरी होत्या आणि प्रत्येक कथेच्या उत्कंठेच्या जागी एक तेलाचा डाग होता.

भाऊबीज झाली आणि क्रांतीची लुना सुटली. पहिलंच घर उद्यमनगरातल्या धोंडुबाईंचं. क्रांतीनं हिरव्या नऊवारीवाला अंक दिला. (अंकांची नावं सभासदांच्या लक्षात राहत नसत. मुखपृष्ठावर पणती घेतलेली बाई कुठल्या साडीत आहे, यावर सगळा हिशेब.) धोंडुबाईंनी अंक घेतला, कथा ओलांडल्या, कविता ओलांडल्या, आणि थेट शेवटी राशिभविष्यावर जाऊन थांबल्या. कन्या रास. चेहरा उतरला.

"घिऊन जा ह्यो अंक. माझ्या मालकांच्या राशीला लिवलंय, 'भागीदाराकडून दगा, गुडघ्याचे विकार.' पैसं भरून गुडघं कोण घील गं? माझं नावच काढा त्या योजनेतनं."

एकेचाळिसाचे चाळीस व्हायला एक वाक्य उरलं होतं. पण क्रांतीनं बत्तीसही भविष्यं वाचली होती, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नव्हता. कन्येला एकात गुडघे, दुसऱ्यात वाहनसुख, तिसऱ्यात परदेशगमन, चौथ्यात मूळव्याध. तिनं पिशवीतून जांभळा शालू काढला.

"ह्यो बघा की, काकू. कन्या : वाहनसुख, वास्तुसुख, आप्तांकडून मान."

धोंडुबाईंनी ते दोनदा वाचलं. मग क्रांतीला वाटीभर चिवडा दिला.

त्या संध्याकाळी क्रांतीनं वही घातली. एकेचाळीस घरं, कोणत्या घरात कुठल्या राशी, कुठली साडी कुणाला लाभते. मेषेला मोतिया, सिंहेला लाल पैठणी. वृश्चिकेला बत्तिसांतल्या एकतीस जणांनी झोडपलं होतं, एकट्या मुलांच्या अंकानं 'खूप खूप मज्जा येईल' असं लिहिलं होतं. सगळी वृश्चिक मंडळी तो अंक घेऊन बसली. सभासद खूश झाले. इतके खूश झाले की अंक परत देईनात. धोंडुबाईंनी जांभळा शालू देवघरात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. गोष्टी मात्र कोणी वाचत नव्हतं.

गणपतरावांचं रजिस्टर रिकामं. ते संतापले. "अंक फिरायला पाहिजेत, क्रांतीबाई! हे वाचनालय आहे, नवग्रहाचं देऊळ नाही!"

"पण एकबी सभासद गळला न्हाई, सर."

"ते काही असो. तत्त्वाचा प्रश्न आहे." मग गणपतरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मिथुनेला कुठला चांगला आहे?"

एकेचाळिसाव्या सभासद चिमणाबाई तेवढ्या गावाबाहेरच्या होत्या. मुलगा पन्हाळ्याच्या तालुका कचेरीत लागला तशा त्या तिकडं राहायला गेल्या, पण योजना सोडली नव्हती. दर रविवारी क्रांती एसटीनं पन्हाळ्यावर जाई. पहिल्या रविवारी मुलगा मतदारयाद्यांच्या कामाला गेला होता, आणि चिमणाबाईंनी तिचं नावगावही न विचारता विषय काढला.

"ये, अंकवाले. पोराचं लगीन जमंना बघ. मीन रास. काय लिवलंय का कुठं?"

क्रांतीनं आकाशी साडी काढून दिली : 'विवाहाचे उत्तम योग, आग्नेयेकडून स्थळ येईल.' चिमणाबाई प्रसन्न झाल्या.

तुळशीचं लग्न लागलं आणि मध्यस्थ पिराजी सयाजीरावांच्या सोप्यात येऊन टेकला.

"पोरगं एक नंबर हाय, सयाजी. पन्हाळ्याला, तालुका कचेरीत. राजवीर नाव. आई इधवा, चिमणाबाई. तू फकस्त व्हय म्हण. 'आग्नेयेकडनंच यायला पायजे' म्हणून बसलीया ती बाई. आता पन्हाळ्यास्नं आग्नेयेला तुझ्यासारखं कोण हाय?"

आत क्रांती चहा गाळत होती. आपण स्वतःच स्वतःचं स्थळ घरपोच देऊन आलो, हे तिच्या ध्यानात आलं.

आता पंचाईत अशी : चांगला अंक दिला तर चिमणाबाई तिला सून करून गडावर नेणार आणि नोकरी जाणार. वाईट दिला तर त्या योजनेतून नाव काढणार आणि नोकरी जाणार. रात्रभर बत्तीस मीन राशी चाळून तिनं उपाय काढला. गुलाबी इरकल : 'नोकरीत बढती निश्चित. मात्र यंदा विवाह टाळावा, विशेषतः आग्नेयेकडील.' बढतीसाठी बाई सभासद राहणार, आणि आग्नेयेसाठी स्थळ मोडणार. असला अंक निघाल्याबद्दल तिनं संपादकाला मनात नमस्कार घातला.

रविवारी ती इरकल घेऊन पन्हाळ्यावर गेली. दार उघडलं ते राजवीरनं. अंगठा मधल्या रविवारी दिलेल्या चॉकलेटी साडीच्या अंकात घातलेला.

"आई भाजीला गेलीया. तुम्ही अंकवाल्या का? गेल्या अंकात त्या विहिरीच्या मास्तरणीची गोष्ट हाय..."

क्रांतीनं पिशवी खाली ठेवली. भाऊबीजेपासून गोष्ट हा शब्द तिनं ऐकला नव्हता.

"वाचली तुम्ही?"

"दोनदा. शेवट पटला न्हाई."

"कसा पटंल? इतकं झाल्यावर ती परत शाळंत गेलीच कशाला?"

"तर! मी म्हणतो, बदली मागायची सरळ."

"बदली कशाला? राजीनामा तोंडावर मारायचा!"

"आणि खायाचं काय तिनं?"

तासभर दारात उभ्या उभ्या मास्तरणीचं कल्याण चाललं होतं. दोन एसट्या गेल्या. तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरनं गल्लीच्या तोंडाशी येऊन आरोळी दिली, "ताई, येणार का गडावरच सज्जाकोठीत मुक्काम करणार?" क्रांती गाडीत बसली ती हसतच. वाघबीळ आलं तेव्हा तिला आठवलं, की दारात बोलता बोलता ती स्थळ मोडणारी गुलाबी इरकल आपण राजवीरच्या हातात दिली.

"गाडी थांबवा!"

"काय राहिलं?" कंडक्टर.

"मीन रास!"

राशीसाठी घाटात गाडी थांबवायचा नियम एसटीत नव्हता.

पुढचा रविवार कार्तिकातला शेवटचा. क्रांती आकाशी साडीचा अंक पुन्हा पिशवीत घालून धावत गेली. चिमणाबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. आत खुर्चीवर राजवीर वाचत बसला होता.

"ये गं, अंकवाले! काय खरा अंक दिलास! आग्नेयेचं स्थळ आलंच हुतं बघ, गडमुडशिंगीचं. न्हाई म्हणून निरोप धाडला."

"अवं मावशी, ते काय खरं नसतंय! ह्यो आकाशी बघा की, चांगलं लिवलंय."

"तूच न्हाई का ह्ये गुलाबी आणून दिलंस? आणि बढतीचं पत्र आलं की त्येचं मंगळवारी! ह्यो खोटा कसा म्हनू?"

क्रांतीनं सरळ सांगून टाकलं. "अवं, ती गडमुडशिंगीची पोरगी मीच हाय!"

चिमणाबाईंनी तिला चपलांपासून वेणीपर्यंत पाहिलं. मग गुलाबी अंक कपाळाला लावला.

"आगं बाई. मग तर लईच खरा म्हनायचा."

क्रांतीनं आत राजवीरकडं पाहिलं. तो आकाशी आणि गुलाबी यांच्या पलीकडं, चॉकलेटी साडीच्या अंकातल्या दीर्घकथेच्या शेवटच्या दोन पानांवर होता. बाहेर काय चाललंय ते त्याच्या कानात शिरत नव्हतं. क्रांतीला त्याचा रागही धरता येईना. ती दोन पानं वाचताना तिच्या हातून करंज्यांचा सबंध घाणा जळाला होता.

"मावशी, योजनेत राहताय न्हवं?" तिनं विचारलं.

"म्हंजे काय? असली योजना सोडती व्हय मी?"

कार्तिक अमावास्येला एकेचाळीस सभासद भरले. क्रांतीची नोकरी कायम झाली. राजवीरचं लग्न वैशाखात राधानगरीच्या मुलीशी झालं.