शेपटीकडे तोंड करून

घोड्यावर बसवून मुलांवर उपचार करतात, हे ऐकूनच लोक हसतात. त्यामुळे किस्से जमवावे लागत नाहीत, ते स्वतःच गेटमधून आत येतात. चौक गावाच्या अलीकडे आमच्या मॅडमचं सेंटर होतं. मॅडम थेरपिस्ट, चांदणी ही घोडी, आणि तिची दोरी धरून पुढे चालणारा मी. मॅडम बाजूने मुलाला धरून चालायच्या. मी फारसा बोलायचो नाही, पण मागचं सगळं ऐकू यायचं.

*

एकदा मोरव्याहून एक काका लंगडणारी वरातीची घोडी घेऊन आले. "घोड्यांचा दवाखाना हाच ना?"

मॅडमनी समजावलं की इथे घोड्यांवर नाही, घोडीच्या मदतीने माणसांवर उपचार होतात. काकांनी विचार केला, पँट वर केली आणि चांदणीसमोर उभे राहिले.

"मग माझा गुडघा बघायला सांगा तिला!"

*

हाटकेशहून ओंकार यायचा. सहा वर्षांचा, पण मान सारखी छातीवर पडायची. मान सावरली तर तो नीट बसेल, बसला तर शाळेत घेतील, एवढ्या आशेवर आई त्याला दोन रिक्षा बदलून आणायची.

पहिल्या दिवशी ती चांदणीच्या कानाशी गेली. "संभालके ले जाना हां, एक ही लडका है मेरा."

घोडीशी हिंदीत का बोलता, असं मॅडमनी विचारलं.

"आपल्यातली आहे होय ती?"

*

पुढे मॅडमनी ओंकारला शेपटीकडे तोंड करून बसवायला घेतलं. तसं बसलं की हात घोडीच्या पाठीवर टेकतात आणि मानेला जास्त काम पडतं. नेमके त्या दिवशी रत्नागिरीहून त्याचे आजोबा आले होते. ते सरळ कुंपणाच्या आत आले. चोराला गाढवावर असं बसवून गावभर फिरवतात, म्हणाले.

"पोराची धिंड काढताय तुम्ही. उद्यापासून तो यायचा नाही."

आई रडायला लागली. मॅडमचं काहीच ते ऐकेनात. शेवटी मॅडमनी आजची एक फेरी तेवढी मागितली.

मी निघालो. पोर पडेल या धास्तीने आजोबा थोडं अंतर ठेवून घोडीच्या मागे चालू लागले. वळणावर मॅडम हळूच म्हणाल्या, "थांबू नकोस." मी मागे बघितलं. ओंकारची मान वर होती. तो आजोबांकडे बघत होता.

पुढच्या वेळी आजोबाच त्याला घेऊन आले. चौथ्या फेरीला ते घामाघूम झाले, तेव्हा मॅडमनी खुर्ची मागवली.

आजोबा थांबले नाहीत. म्हणाले, "मी बसलो तर तो बघणार कोणाकडे?"