कोमाद्रेच्या हातचे पैसे

एदुविहेसचं घर आमच्या गावात लांबूनही ओळखू यायचं. अंगणातल्या दोरीवर कायम लहान मुलांचे कपडे. बाया पहाटे स्ट्रॉबेरी भरायच्या शेडवर जायच्या आणि पोरं तिच्याकडे सोडायच्या. सांभाळायचे पैसे सरकार थेट तिला द्यायचं.

मग नियम बदलला. पैसे आता आईला मिळणार, आईनं ते सांभाळणारीला द्यायचे. हातात पैसे येताच बाकीच्यांनी मुलं आपापल्या आयांकडे ठेवली. शेडवरच्याच रेमेदिओसला मात्र आई नव्हती. म्हणून एदुविहेसकडे तिची लेक चायो तेवढी उरली.

पण चायोला बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून कडेवर घेतलं होतं एदुविहेसनंच. त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झालेल्या, सख्ख्यांपेक्षा जवळच्या, आणि बोलणं सगळं मानानं. रेमेदिओसनं नोटा पुढे केल्या.

"हे काय, कोमाद्रे? तुमच्याकडून पैसे घेऊ मी?"

"माझे कुठे आहेत? सरकारचेच ना!"

"मग सरकारनं द्यावेत. तुमच्या हातून नकोत."

"पोर फुकट नाही हो ठेवणार मी तुमच्याकडे. लोक काय म्हणतील?"

"आणि घेतले तर काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी रेमेदिओस चायोला बोटाला धरून शेडवर गेली. मुकादमानं दारातूनच परतवलं. "उद्या पोर आणलीस तर तूही येऊ नकोस."

ती परत एदुविहेसच्या दारात येऊन रडायला लागली. एदुविहेसही रडली, पण नोटांना काही हात लावेना.

समोर मक्याच्या भाकऱ्या, तोर्तिया, भाजणारी सेफेरिना हे बघत होती. कुंपणावरून भांडण झाल्यापासून तिचा आणि एदुविहेसचा अबोला. ती तिथूनच ओरडली, "अगं रेमेदिओस, मी तुझी कोण लागते?"

"कोणी नाही."

"आणि हिची तर वैरीणच. झालं तर! पैसे मला दे, पोर माझ्या अंगणात सोड. सांभाळायला मी बाई ठेवते. ही बसलीय ना रिकामी."

आता एदुविहेस रोज सकाळी रस्ता ओलांडून कामाला जाते. सेफेरिनाकडून नोटा घेते, एप्रनमध्ये ठेवते. अबोला दोघींचा अजून आहेच. "चायो, सांग हिला, चूल विझतेय." "चायो, सांग तिला, मला दिसतंय."

परवा एदुविहेस मला म्हणाली, "नोटा त्याच ना रे? मग आता लाज का नाही वाटत?"

मी पोरीकडे बोट दाखवलं. चायो मध्ये बसून दोघींचे निरोप पोचवत होती.