पिंजारी, मन्सुरी, हल्लाच

तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबरमध्ये, मी नंदुरबार सोडलं. सकाळची गाडी सुरतेपर्यंत, तिथून मुंबई, विमानाने म्युनिक आणि पुन्हा रेल्वेने आउग्सबुर्ग. फलाटावर आम्ही तिघं होतो. मी, अब्बा आणि मोठा भाऊ सलीम. सलीम सुरतेला राहतो, त्यामुळे तिथपर्यंत सोबत येणार होता. अम्मीने घरूनच निरोप दिला होता. गाडी येईपर्यंत सलीम माझी बॅग उचलून पुन्हा पुन्हा अंदाज घेत होता. विमानात वजन जास्त भरलं तर काय काढायचं, ते तो मला सांगत होता. लोणच्याची बरणी पहिली, असं त्याचं मत होतं.

अब्बा म्हणाले, "लोनचं काढी टाक, काही हरकत नही. पन आडनाव संगे लई जाय. त्याले वजन ऱ्हास नही."

हे वाक्य मला उद्देशून होतं. ऐकवलं होतं सलीमला. त्याने त्याआधीच आडनाव बदललं होतं.

आमचं आडनाव पिंजारी. कापूस पिंजणारे ते पिंजारी. त्यात शोधण्यासारखं काही नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते. नंदुरबारला अब्बांचं गादीचं दुकान आहे. मागच्या खोलीत पिंजायचं यंत्र आणि पुढे खिळ्याला टांगलेली आजोबांची कमान. माणसाहून उंच लाकूड आणि त्याला ताणून बांधलेली तात. कापसाच्या ढिगात तात धरायची आणि लाकडी दस्त्याने ती वाजवायची, मग गाठी सुटून कापूस फुलतो. यंत्र आल्यापासून कमान वर्षभर खिळ्यावरच असते. ती खाली येते फक्त घरातल्या मुलीच्या लग्नात. नवरीच्या पहिल्या उशीचा कापूस घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने कमानीवरच पिंजायचा, ही आमच्याकडची रीत.

दुसरा एक नियम आम्हा मुलांसाठी होता. रिकामी तात वाजवायची नाही. "घरमा भांडन व्हस," अब्बा म्हणत. खाली मूठभर तरी कापूस हवाच.

सलीमची बाजूही नोंदवली पाहिजे. शाळेत त्याला कोणी सलीम म्हणत नसे. "ए पिंजाऱ्या, आमनी गोधडी कवय दिशी?" आमची गोधडी कधी देणार, असं ओरडत पोरं मागे लागायची. सुरतेत भाड्याने खोली बघायला गेला तेव्हा घरमालकाने आडनाव विचारलं आणि नंतर कळवतो म्हणाला. कळवलं नाही. पुढच्या खोलीसाठी त्याने मन्सुरी सांगितलं. आमच्या समाजातल्या अनेकांनी हे आडनाव आधीच घेतलं होतं, सलीमने पुढे रीतसर घेतलं. सुरतेत त्याचं फोमच्या गाद्यांचं दुकान चांगलं चालतं.

ईदला तो घरी आला की वाद ठरलेला.

"अब्बा, दुनिया कोठे गई! तुम्ही आजून कमानच धरीसन बठेल शेतस."

"आनि तू कोठे गया? नाव बदलीसन बी गादीच ईकस ना?"

मी तेव्हा एका दैनिकाच्या नंदुरबार कार्यालयात बातम्या लिहीत होते. तिथली शिस्त साधी होती. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय छापायचं नाही. ते कार्यालय बंद झालं. जर्मनीत वृद्धांच्या शुश्रूषेचं प्रशिक्षण आणि त्या काळात पगार, अशी संधी होती. वर्षभर भाषा शिकले आणि निघाले.

इथे येईपर्यंत मी आडनावांकडे पाहिलंच नव्हतं. बातमीत ती फक्त तपासून घ्यायची असतात. वळवी, पाडवी, वसावे ही सातपुड्यातली आडनावं मी रोज लिहायचे. ती धंद्याची नाहीत, कुळाची आहेत. एका कुळात लग्न होत नाही, म्हणून तिकडे नव्या पाहुण्याला नावाआधी कूळ विचारतात, एवढं माहीत होतं. तापीकाठच्या गुजर कुटुंबांत इकडचा भाऊ पाटील आणि गुजरातेतला पाहुणा पटेल, हेही माहीत होतं. गावच्या नावावरून पडलेलं आडनाव गावात राहणाऱ्याला लागत नाही, गाव सोडलेल्याला लागतं, हे मात्र गाव सोडल्यावर सुचलं.

माझा वृद्धाश्रम आउग्सबुर्गच्या जुन्या गिरणी भागात आहे. इथे कोणी कुणाला पहिल्या नावाने हाक मारत नाही. बायकांना फ्राउ, पुरुषांना हेर आणि पुढे आडनाव; मी पहिल्या दिवसापासून फ्राउ पिंजारी. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर फक्त आडनाव आहे आणि प्रत्येक खोलीच्या दारावरही. पहिल्याच आठवड्यात मी ती दारं वाचत कॉरिडॉरमधून चालले. फ्राउ श्नायडर म्हणजे शिंपी. फ्राउ वेबर म्हणजे विणकर. हेर वागनर, गाड्या बनवणारा. फ्राउ नोवाक यांचं घराणं पोलंडच्या बाजूचं. नोवाक म्हणजे नवा आलेला. कोणीतरी पूर्वज गावात नवा आला आणि पिढ्यान् पिढ्या नवाच राहिला.

मी कॉरिडॉरच्या टोकाला थांबून मागे वळून पाहिलं. नंदुरबारच्या बाजारातली गल्ली होती ती. शिंपी, विणकर, सुतार, समोरासमोर. फक्त दुकानं नव्हती, नावं उरली होती. फ्राउ वेबर शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांना मी त्यांच्या नावाचा अर्थ मराठीत सांगितला तेव्हा त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून घेतला.

शेवटच्या दारावर हल्लाच लिहिलं होतं. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

हेर हल्लाच मूळचे तुर्कस्तानचे. ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर इथल्या कारखान्यात काम केलेले. सकाळचा चहा घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले आणि ट्रे टेबलावर ठेवायचा राहून गेला. पलंगावरच्या भिंतीवर कमान होती. लाकडाचं वळण जरा वेगळं होतं, पण तात तीच, तिच्या टोकाची गाठ तीच आणि शेजारी दस्ता.

मी ट्रे खाली ठेवला आणि तात बोटाने छेडली. ताण बघायची पिंजाऱ्याच्या पोरांची सवय; नियम त्या क्षणी आठवला नाही. आवाज खोलीभर झाला.

"लेअर निष्ट!" हेर हल्लाच पलंगावरून ओरडले. रिकामी नको.

मी तात धरून आवाज थांबवला. ते उठून बसले, टेबलाच्या खणातून लोकरीचा पुंजका काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आता वाजव.

मी विचारलं, रिकामी का नको? तात सैल पडते, असं त्यांचे वडील सांगायचे. आमच्याकडे घरात भांडण होतं, मी म्हटलं. ते म्हणाले, तात सैल पडली की बापलेकांत भांडण होतंच. मग त्यांनी विचारलं, तू ही वस्तू ओळखतेस कशी? मी बिल्ल्यावर बोट ठेवलं आणि पिंजारी शब्दाचा अर्थ सांगितला.

ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पाणी द्यावं लागलं. मग दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "बाहेर काय लिहिलंय वाच. हल्लाच. तेच काम, कझम्." कझम् म्हणजे बेटी. त्यांच्या देशात गेल्या शतकात कायद्याने प्रत्येकाला आडनाव घ्यावं लागलं, तेव्हा आजोबांनी हातातलं काम सांगितलं होतं.

ड्युटी संपताच मी शहराच्या वाचनालयात गेले. बातमी तपासावी तसा हा शब्द तपासायला बसले. तुर्कीत हल्लाच, अरबीत हल्लाज. कर्नाटकातले आणि सोलापूरकडचे नदाफ, हा शब्दही अरबी-फारसीतून आलेला, अर्थ तोच. उत्तरेत धुनिया. इटलीत बात्तिलाना, लोकर बडवणारे. इंग्लंडात टोझर, लोकर मोकळी करणारे. मी एकेक कोश ओढत गेले, शेवटी ग्रंथपाल बाईंनी टेबलाची जागा वाढवून दिली. एवढ्या देशांत इतके पिंजारी होते आणि आम्ही नंदुरबारच्या एका गल्लीत लाजत बसलो होतो.

त्याच सुमारास सलीमचा फोन आला. त्याच्या मुलीचं, सनाचं लग्न ठरलं होतं. सासर सुरतेतलं, मन्सुरींचंच. पत्रिकेत घरातल्या सगळ्यांच्या नावापुढे मन्सुरी छापायचं, असं सलीमने ठरवलं होतं. अब्बांच्याही. अब्बांचं उत्तर त्याने मला जसंच्या तसं ऐकवलं: "ज्या पत्रिकावर मन्हं आडनाव नही, त्या लगीनमा मी येवाव नही. उशी बी पिंजाव नही."

सनाने आजोबांना फोन केला होता. उशी नको, पण तुम्ही या, असं म्हणून ती रडली. अब्बांनी फोन अम्मीकडे दिला.

"तू पेपरवाली शेस. समजाड त्यासले," सलीम म्हणाला. "इठे पाव्हनासमोर मन्ही काय इज्जत ऱ्हाई?"

मी कुणालाही समजावलं नाही. पुढच्या रविवारी सलीम नंदुरबारला जाणार होता, तेव्हा दोघांना दुकानात एकत्र बसायला सांगितलं आणि व्हिडिओ कॉल लावला. माझ्या शेजारी हेर हल्लाच होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कमान, तातीखाली लोकर.

अब्बांनी सलाम केला, पण त्यांचं लक्ष माणसाकडे नव्हतं.

"ती कमान कोनी शे?"

"ह्यासना बापनी."

"तात कशानी? आतड्यानी का?"

मी जर्मनमध्ये विचारलं. हो, मेंढीची. अब्बांनी मान डोलावली. मग हेर हल्लाचनी दस्ता मारला. लोकर उडाली, माझ्या केसांत बसली. अब्बा खुर्चीवरून उठले. खिळ्यावरची कमान त्यांनी स्वतः खाली काढली, मागच्या खोलीतून कापूस आणला आणि तिकडून वाजवायला सुरुवात केली. दोन आवाज एकमेकांत मिसळले. पलीकडच्या खोलीतून फ्राउ वेबर काठी टेकत बघायला आल्या. दुकानाच्या दारात, अब्बांच्या मागे, गल्लीतली माणसं जमली.

"नाव काय त्यासनं?" अब्बांनी थांबून विचारलं.

"हल्लाच."

"म्हनजे?"

"पिंजारी."

अब्बांनी दस्ता खाली ठेवला. सलीम बोलला. "हल्लाज? बगदादना त्या सूफीले लोक हल्लाज म्हनेत."

"तोच शब्द," मी म्हटलं. मग जे तपासलं होतं तेवढंच सांगितलं. हजारेक वर्षांपूर्वीच्या त्या सूफी संताचं नाव लोकांच्या तोंडी मन्सूर. त्यावरून मन्सुरी, असं आपल्या समाजात सांगतात. हा धागा परंपरेचा आहे, कागदोपत्री पुरावा मला मिळाला नाही. शब्दाचा अर्थ मात्र कोशात आहे. हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा.

सलीम स्क्रीनजवळ सरकला.

"म्हनजे मी बी पिंजारीच?"

"इतला दिन मी काय सांगी ऱ्हायनू?" अब्बा म्हणाले.

मागे उभं असलेलं कोणीतरी मोठ्याने हसलं. मग सलीमही हसला. हेर हल्लाचनी काय झालं ते विचारलं, मी भाषांतर केलं, मग तेही हसले. सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत जास्त.

सलीमने आडनाव परत बदललं नाही. अब्बांनीही आपलं सोडलं नाही. पत्रिका छापून आली, तिचा फोटो त्याने मला पाठवला. पहिल्या ओळीत अब्बांचं नाव, पुढे पिंजारी. त्याखाली सलीमचं, पुढे मन्सुरी. सनाच्या सासरच्या एका काकांनी विचारलं, हे आजोबांचं आडनाव वेगळं कसं? सलीमने त्यांना दोन्हीचा अर्थ सांगितला. त्या काकांचे आजोबाही कमान वाजवायचे, हे तेव्हा कळलं.

मला रजा मिळाली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी अब्बांनी दुकानात कापूस पिंजला आणि अम्मीने उशी शिवली. ती उशी आता सुरतेत सनाच्या घरी आहे.

फेब्रुवारीत माझ्या नावाचं एक पार्सल आउग्सबुर्गला आलं. वजन जवळजवळ नव्हतंच. आत सनाच्या उशीतून उरलेला कापूस होता आणि वर अब्बांच्या अक्षरात एक ओळ: त्या भाऊंना दे.

हेर हल्लाच यांची कमान त्यांच्या पलंगावरच्या भिंतीवर आहे. तातीत नंदुरबारचा कापूस अडकवलेला आहे.