रुमालातलं मंगळसूत्र

समोरच्या खोलीत राहायला आलेली कोरियाची पोरगी माझ्या आईला 'आई' म्हणायला लागली, त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. तिला मी आधी कॉलेजात बघितलं होतं. कॅन्टीनशेजारी टेबल मांडून ती आणि तिची मैत्रीण पोरांना फुकट कॉफी पाजायच्या, इंग्रजी बोलायला शिकवायच्या आणि मग हळूच विचारायच्या, शुक्रवारी बायबल वाचायला येणार का? वर्षभर सेवेला आल्या होत्या म्हणे. सेवेला! अंधेरीत फुकट कोणी पाणी विचारत नाही, या कॉफी पाजतात. मी कॉफी पिऊन घेतली, शुक्रवारी गेले नाही.

आणि नेमकी तीच बया आमच्या मरोळच्या बिल्डिंगमध्ये, आमच्याच मजल्यावर भाड्याने.

आईशी तिची गट्टी जमली ती सुक्या मासळीवरून. आई मालवणची. वर्सोव्याहून आणलेले सुके बोंबील तिने भाजायला घेतले की अख्खा मजला धडाधड दारं लावतो. ही उलट आमचं दार वाजवत आली. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "आई, माझ्या घरी पण असाच वास." झालं, आई विरघळली. ताट वाढलं. पोरीने बोटं चाटून खाल्लं.

मग रोज दुपारी ये-जा. मी कॉलेजातून यायचे तर आई समोरच्या खोलीत, दार बंद. विचारलं की म्हणायची, "काय नाय गो, गजाली." एकीला मराठी येत नाही, दुसरीला मराठीशिवाय धड काही येत नाही, कसल्या गजाली डोंबलाच्या? बाबा कारखान्यात सेकंड शिफ्टला, त्यांना कशाचा पत्ता नाही. मी पाळत ठेवायला लागले. एकदा सरळ दाराला कान लावला. आत ती काहीतरी पुटपुटत होती आणि आई गप्प होती. आमची आई आणि गप्प! ही आईला बाटवणार, माझी आई माझी राहणार नाही, असंच मनाने घेतलं.

मग तो मंगळवार. "बाजारात जाऊन येतंय" म्हणून गेलेली आई चार तासांनी आली आणि पलंगावर आडवी झाली. गळा रिकामा. आमच्याकडे मंगळसूत्र तुटलं तर ओवून मिळेपर्यंत बायका दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालतात, पण गळा मोकळा ठेवत नाहीत. विचारलं तर डोळे न उघडता म्हणाली, "आसा ता. ओरडू नको."

मी तडक समोर गेले. दार उघडंच होतं. टेबलावर बायबल आणि त्याच्यावर निळ्या फुलांच्या रुमालाची पुरचुंडी. मी ती सोडली. आत आईचं मंगळसूत्र.

"आई सांगेल. मी नाही," ती एवढंच म्हणाली.

मी तिला काय काय बोलले ते लिहायची आज लाज वाटते. चोर म्हणाले, धर्मबुडवी म्हणाले. ती मान खाली घालून उभी राहिली. उलट बोलली असती तर बरं वाटलं असतं. मंगळसूत्र रुमालासकट उचललं आणि बिल्डिंगच्या सेक्रेटरीकाकांकडे गेले. काका तिला बाहेर काढायला टपूनच होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोली रिकामी.

समोरचं कुलूप बघून आली तेव्हा कुठे आई बोलली. छातीत गाठ होती. त्या पोरीच्या आईलाही हेच झालं होतं, म्हणून आई तिच्याकडे मोकळी झाली. हॉस्पिटलात तीच घेऊन जायची. तपासणीच्या आधी मंगळसूत्र काढायला लावायचे, ते ती रुमालात बांधून सांभाळायची. मंगळवारी गाठीत सुई घातली, येताना रिक्षात आईला भोवळ आली आणि परत घालायचं राहून गेलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी किंचाळलेच.

"ह्याच्याचसाठी," आई म्हणाली. "ता समोरचा चेडू घाबरला नाय गो. तू घाबरली असतंस, मगे माकाच तुका समजवत बसूचा लागला असता."

त्या पोरीबद्दलचा माझा संशय आजही पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? बंद दाराआड ती प्रार्थना पुटपुटायची ती गाठ जावी म्हणून, की आई त्यांच्यात यावी म्हणून? दोन्ही असेल. आईला विचारलं तर म्हणाली, तिची भाषा कोणाला कळत होती, हात मात्र घट्ट धरायची.

कॉलेजात टेबलापाशी गेले तर फक्त तिची मैत्रीण होती. तिने कॉफीचा कप पुढे केला. त्या पोरीचा नंबर मागितला तर तोंडभर हसली, पण दिला नाही. मी काय करीन याचा तिला भरवसा नव्हता.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने आईला अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. आईने मंगळसूत्र काढलं, मी हात पुढे केला.

"थांब." तिने उशीखालून तोच निळ्या फुलांचा रुमाल काढला, त्यात मंगळसूत्र ठेवलं, दोन गाठी मारल्या आणि मगच माझ्या हातात दिलं.

"सोडून बघू नको हां," आई म्हणाली.

तिला बाहेर आणेपर्यंत मी ती पुरचुंडी तशीच धरून बसले.