तुमचा फोन अद्ययावत आहे

आमच्या लहानपणी थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर यायचा. आता उलटं झालंय. मुलगा नवा फोन घेतो आणि जुना बापाच्या हातात येतो. माझा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं आपला फोन पुसून, नवं कव्हर घालून मला दिला. "एकदम भारी फोन आहे, अण्णा," म्हणाला. मी तुळजापुरातला पुजारी. महिनाभर तो फोन गल्लीत मिरवला.

माझ्या कामात फोनला महत्त्व आहे. ज्यांना इथवर यायला जमत नाही अशा यजमानांच्या घरातल्या बायका मला आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. कुणाला मूल हवं असतं, कुणाच्या नवऱ्याची बाटली सुटत नसते. मी ते ऐकतो आणि देवीच्या कानावर घालतो. नवस फिटेपर्यंत तो विसरायचा नाही, ही आमची रीत. वडील सगळं डोक्यात ठेवायचे. माझ्या डोक्यात तेवढी जागा नाही, म्हणून मी ते आवाज फोनमध्ये जपून ठेवायचो.

त्यात मुरूम गावाकडच्या एका सुनेचा आवाज होता. तिनं देवीकडे जे मागितलं, ते घरात कुणाला कळलं असतं तर तिला तिथं नांदणं मुश्किल झालं असतं. काय मागितलं ते मी इथंही लिहिणार नाही.

चैत्री पौर्णिमेच्या गर्दीत माझ्या नंबरवरून सगळ्या यजमानांना मेसेज गेला, 'प्रसाद घरपोच मिळेल, इथे दाबा.' मी पाठवलाच नव्हता. तासाभरात त्या सुनेचा फोन आला. दबक्या आवाजात म्हणाली, "काका, तुमचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेलाय व्हय? माझं बोलणं कुणी ऐकलं न्हाय ना?"

मला 'नाही' म्हणता आलं नाही. "बघतो पोरी," एवढंच म्हणालो. तिनं फोन ठेवला.

स्टँडजवळच्या मोबाइलवाल्यानं फोन उलटासुलटा करून बघितला. "शेजारच्या लॉजचं वायफाय वापरता काय?"

वापरत होतो. त्याचा पासवर्ड येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक.

"मग तिथूनच कुणीतरी शिरलं असंल. ह्या फोनच्या वायफायमधी फट हाय. कंपनी अपडेट पाठवून असली फट बुजवती, पण ह्या मॉडेलला अपडेट देणं कवाच बंद केलंय."

"असं कसं? मी दर मंगळवारी बघतो की!" मुलानंच शिकवलं होतं. सेटिंगमध्ये जायचं, बटण दाबायचं. दर वेळी हिरवी खूण यायची आणि खाली लिहिलेलं असायचं, तुमचा फोन अद्ययावत आहे. मी निर्धास्त व्हायचो.

मोबाइलवाला हसला. "नवं यायचंच बंद झालं की तो तसंच सांगतो, काका."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कंपनी माझी कोण लागते? तिचा राग तिथंच विरला असता, पण फोन दिला होता मुलानं. मी दुकानातूनच मुलाला फोन लावला.

"तुला हे माहीत होतं?"

"व्हय, म्हणून तर मी बदलला."

"आणि मला दिलास?"

"अहो अण्णा, तुमच्या फोनात चोरण्यासारखं असणारे काय? देवीचे फोटो आणि सुप्रभातचे मेसेज!" तो हसत होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळत होतं, आणि त्यानंच जास्त लागलं. दाराची कडी तुटलीय हे बघून तो स्वतः दुसऱ्या घरात गेला आणि मला त्या दाराआड झोपवलं. वर बाप खूश झाला म्हणून सगळ्यांना सांगितलं.

मी सगळे आवाज पुसून टाकले. त्या सुनेला कितीदा फोन लावला, पण तिचा नंबर आता लागत नाही. तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. देवीपुढं उभा राहिलो की तिचं मागणं अजून सांगतो, पण मान वर करवत नाही.

उन्हाळ्यात मुलगा आला तेव्हा मी तो फोन त्याच्यापुढं ठेवला. "हा घेऊन जा. मला नको."

त्यानं तो उचलला, काचेवरून अंगठा फिरवला. "चांगला चालतोय की अजून," म्हणाला. "फेकू नका, अण्णा. आईला होईल."

त्याची आई आत त्याच्यासाठी धपाटे थापत होती.